तिकडून धरलेली मूठ

१

ज्याला आपण कोर्टात खेचतो आणि हरवतो, तो माणूस बाहेर आल्यावर आपले दोन्ही हात धरून ‘उपकार झाले’ म्हणत नाही. निदान माझ्या माहितीत तरी म्हणत नाही. हेडमास्तर मात्र म्हणाले. कोर्टाच्या व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी, सगळ्यांच्या देखत त्यांचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

“सुटलो, पोरी,” ते म्हणाले. “तू सोडवलंस मला. देव तुला उदंड आयुष्य देवो.”

माझ्या वकीलबाई फाइल छातीशी धरून बघत राहिल्या. समोरचा माणूस भांडेल, अपील करेल, निदान शिव्याशाप तरी देईल, या तयारीने त्या आल्या होत्या. “बरीच वर्षं वकिली करतेय,” त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पण असा प्रतिवादी पहिल्यांदाच पाहिला.”

हेडमास्तर म्हणजे माझ्या मामाचे लहानपणापासूनचे मित्र. मामाने जाताना आपलं घर माझ्या आईच्या, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीच्या नावे ठेवलं होतं आणि मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून हेडमास्तरांना नेमलं होतं. काम काय, तर घर रिकामं करायचं, तसं लिहून द्यायचं आणि किल्ली आईच्या हातात ठेवायची. एवढंही त्यांनी केलं नाही. उलट स्वतःचं भरलेलं घर सोडून मामाच्या घरात जाऊन राहिले. नोटिसांना उत्तर नाही, फोन उचलायचा नाही. आई चौकशीला गेली की दार सताड उघडं, आणि हे उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून बसलेले. “ताई, अजून थोडं थांबा,” एवढंच म्हणायचे.

आई थांबली असती. जन्मभर तिने दुसरं केलंय काय? पण ती ज्या भाड्याच्या खोलीत राहत होती ती इमारत पाडायला काढली होती आणि महिनाअखेर खोली सोडायची होती. माझ्या घरी दोन खोल्या, त्यात सासू, सासरे आणि लग्नाचा दीर. “लेकीच्या घरी पाहुणी म्हणून बरी,” असं आई म्हणायची आणि विषय संपवायची. पण मालकाने तिच्या जिन्यातला दिवा काढून नेला तेव्हा मी वकीलबाईंकडे गेले.

न्यायाधीशबाई समजूतदार होत्या. हेडमास्तरांना त्या म्हणाल्या, “घर रिकामं आहे, आत कोणाचा वावर नाही, असं लिहून द्या. मी आजच प्रकरण मिटवते.” हेडमास्तर उठले. पेन हातात घेतलं. परत खाली ठेवलं.

“तसं मला लिहिता येणार नाही.”

“का?”

“खोटं होईल.”

“तुमच्याशिवाय आत कोण राहतं?” या प्रश्नावर मात्र त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि ते परत दिलं. झालं. व्यवस्थापक म्हणून ते अपात्र ठरले आणि त्यांच्या जागी माझी नेमणूक झाली. मी मनातल्या मनात न्यायाधीशबाईंना हात जोडले.

२

मामा किल्लीवाला होता. मी चालायला लागायच्या आत माझे वडील गेले, तेव्हा मामाने आईला आणि मला स्वतःच्या घरी आणलं. स्वतः लग्न केलं नाही. आम्ही आश्रित आहोत हे त्याने आम्हाला एका शब्दाने कधी जाणवू दिलं नाही. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणाचा त्याच्याविषयी गैरसमज व्हायला नको. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी मी नव्हे.

संध्याकाळ झाली की कुणाचं ना कुणाचं कुलूप अडकलेलं असायचंच. मामा हत्यारांची पिशवी घेऊन निघायचा. निघताना बाहेरून किल्ली फिरवायचा आणि मग मूठ दाबून दार एकदा ओढून बघायचा. बाकीचे लोक हँडल म्हणतात, मामा मूठच म्हणायचा. दार चौकटीत ‘ढक्’ करायचं. ते ऐकलं की आई हातातलं काम खाली ठेवायची आणि म्हणायची, “आता निवांत.” मग मलाही निवांत वाटायचं. मुठीच्या त्या आवाजानंतर मला जशी झोप लागायची तशी पुढे कधी लागली नाही.

“किल्लीवर भरवसा ठेवतो तो अर्धा कारागीर,” मामा म्हणायचा. “किल्ली काय, फिरते. कुलूप लागलं का ते मुठीला विचारावं.”

मला तो ‘खटका’ म्हणायचा, हात लागला की उडते म्हणून. कुलपांचं काम शिकवायचा तेव्हा माझा हात मुठीवर ठेवायचा आणि स्वतःचा हात माझ्या हातावर. त्याच्या अंगठ्याला घट्टा पडला होता, तो माझ्या बोटांच्या पेरांवर रुतायचा. “दाब. आता ओढ. कळलं काही?” मला काही कळायचं नाही, पण मी मान हलवायचे.

एकदा आईला परगावी एका वसतिगृहात नोकरी मिळत होती. मामा म्हणाला, “इथं काय कमी आहे?” कमी खरोखरच काही नव्हतं. आई गेली नाही. पुढे मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर लागले, खोली घेतली आणि आईला घेऊन बाहेर पडले. त्या सकाळी मामा दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा होता. “येतो हं,” असं आम्ही म्हटलं. पुन्हा म्हटलं. बऱ्याच वेळाने त्याने हात काढला.

३

ताबा घ्यायला मी कोर्टाच्या बेलिफाबरोबर भर दुपारी गेले. बेलिफ जाडजूड, घामेजलेला आणि बडबड्या. “ताई, माझी एक सवय आहे, हसू नका,” तो म्हणाला. “कुलूप लावायच्या आधी मी आत हाक मारतो. एकदा एका आजोबांना माळ्यावर विसरून घराला सील ठोकलं होतं. तेव्हापासून कानाला खडा.”

घर स्वच्छ होतं. स्वयंपाकघरातली भांडी पालथी घातलेली, बाहेरच्या खोलीत भिंतीवर मामाचा किल्ल्यांचा फळा, त्याखाली त्याचं टेबल. हेडमास्तर कुठल्याच वस्तूला हात न लावता राहिले होते, हे बघून मला त्यांच्याविषयी वाईट वाटलं. फक्त आतलं प्रत्येक दार त्यांनी उघडं ठेवून त्याला अडसर लावला होता. कुठे वीट, कुठे शब्दकोश, कुठे उलटी बादली. आणि त्यांचं अंथरूण बाहेरच्या दाराला लागून होतं, पार उंबऱ्याशी.

सगळ्या दारांच्या पितळी मुठी काळ्या पडल्या होत्या. बाहेरच्या दाराची आतली मूठ तेवढी लख्ख होती.

“मास्तर घासत बसले असतील,” बेलिफ म्हणाला. “रिकामपणाचे उद्योग.”

मग तो उंबऱ्यात उभा राहिला आणि त्याने खणखणीत हाक मारली, “आत कोणी आहे का? असाल तर आत्ताच बोला, मागाहून तक्रार चालायची नाही!” पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली. आम्ही बाहेर आलो, मी दार लोटून किल्ली फिरवली आणि काढून घेतली.

आम्ही पायऱ्या उतरतो न उतरतो तोच मागे मूठ खाली दबली. दार चौकटीत ढक् झालं. मूठ हळूच वर आली.

बेलिफाने माझ्याकडे बघितलं, मी बेलिफाकडे. मी दार उघडलं. आत कोणी नव्हतं. बेलिफ कोपरान् कोपरा हिंडून आला, माळ्यावर तर शिडी लावून चढला. पुन्हा कुलूप लावलं. आम्ही दारासमोरच उभे होतो, तेव्हा या वेळी नीट पाहिलं. मूठ कुणीतरी दाबावी तशीच दबली. ढक्.

“स्प्रिंग,” बेलिफ म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “जुन्या कुलपात असतं असं. ताई, घर रिकामं आहे म्हणून इथं सही करा. मला पुढे जायचंय.”

मी पेन घेतलं. आणि हेडमास्तरांसारखंच खाली ठेवलं.

“उद्या सकाळी करते,” मी म्हटलं. “तुम्ही याल ना?”

तो येतो म्हणाला, पण पायऱ्या उतरताना एकदाही मागे वळला नाही.

४

हेडमास्तरांच्या घराचं दार त्यांच्या सुनेने उघडलं. माझ्यावर ती रागावलेली असणार अशी माझी समजूत, पण तिनेही माझे हातच धरले. “बाबांना घरी आणलंत, फार बरं झालं. पण काहीतरी समजवा हो त्यांना. आल्या आल्या सुतार बोलावला आणि आतली सगळी दारं काढायला लावली. मोरीला पडदा लावलाय. सांगा, अशा घरात माणसांनी नांदायचं कसं?”

दारं व्हरांड्यात एकावर एक रचून ठेवली होती. हेडमास्तर आत, उजेडात, वर्तमानपत्र वाचत बसले होते. चेहरा टवटवीत.

“ऐकलीस ना मूठ?” त्यांनीच विचारलं.

“ऐकली.”

“पहिल्या दिवशी मीही कुलूप लावून निघालो होतो. फाटकापर्यंत गेलो. वाटलं, कुणाला तरी कोंडलं. परत येऊन उघडलं, तर कोणी नाही. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आत कोणीतरी आहे आणि त्याला बाहेर यायचंय. आता मी बाहेरून कुलूप लावून चालता होऊ? जन्मभर पोरांना काय शिकवलं मग?”

“कोर्टात का नाही सांगितलंत?”

“वेडा ठरवला असता. त्यापेक्षा अपात्र परवडलं.”

मला हसू आलं. तेही हसले. खरं तर एवढ्या भल्या माणसावर मी दावा लावला होता. मी त्यांना वाकून नमस्कार केला. दार उघडं ठेवून ते का राहिले, वस्तूंना हात का लावला नाही, सगळं लक्षात आलं. मग माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं.

“मास्तर, किल्ली फिरवल्यावर तुम्ही बाहेरून मूठ ओढून बघायचात?”

“नाही. कशाला?”

मी सुटकेचा निःश्वास टाकला. आम्हीही बघितली नव्हती. मामाच्या घराचं कुलूप मामानेच बसवलेलं. किल्ली फिरल्यावर मूठ एकदा दाबली नाही तर आतला खटका अर्धाच बसत असणार, आणि मागाहून आपोआप सुटून दाराला हिसका देत असणार. एवढी साधी गोष्ट. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी उठले तेव्हा हेडमास्तर म्हणाले, “शेवटी शेवटी मात्र...” आणि मोरीच्या पडद्याकडे बघत थांबले.

“शेवटी शेवटी काय?”

“काही नाही. तू सोडवलंस ना मला? मग झालं.”

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बेलिफ यायच्या आधीच मी तिथे पोचले. लख्ख ऊन पडलं होतं, शेजारच्या बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. मी आत फिरून आले, दार लोटलं, किल्ली फिरवली. मग मामा करायचा तसा मुठीवर हात ठेवला आणि दाबला.

मूठ दबली नाही.

गंजलेली मूठ कशी लागते ते मला माहीत आहे. ती अडते, पण तिच्यात जीव नसतो. हिच्यात होता. मी जरा जोर लावला की तिकडूनही तेवढाच जोर यायचा, मी सैल सोडलं की तिकडचंही सैल. कुणीतरी आतून मूठ धरून उभं होतं आणि माझी पारख करत होतं. माझ्या मनाने तेवढ्यातही स्प्रिंग, स्प्रिंग असं चालवलं होतं. पण स्प्रिंग माणसाची वाट बघत नाही.

दाराला पत्रं टाकायची एक फट आहे. दुसऱ्या हाताने तिची झडप वर करून मी वाकले. आतल्या मुठीवरून काहीतरी उचललं जात होतं, तेवढं मला दिसलं. हात होता असं मी म्हणणार नाही. हात असता तर त्याच्यामागे मनगट दिसलं असतं.

मूठ माझ्या हाताखाली अलगद दबली. मी ओढलं. ढक्.

“मामा,” मी फटीतून म्हटलं. “आई येतेय राहायला. कायमची.”

मी वाट बघितली. शेजारच्या बाईंची बादली वाजली, बाकी काही नाही. बेलिफ आला तोवर मी पायरीवर बसले होते आणि मूठ एकदाही हलली नव्हती. बेलिफाने दारापासून चार हात लांब उभं राहून हाका मारल्या, कान देऊन ऐकलं, आणि रुमालाने तोंड पुसलं.

“बसली ना स्प्रिंग?”

“बसली.”

घर रिकामं आहे, आत कोणाचा वावर नाही, या मजकुराखाली मी सही केली. मी काही हेडमास्तर नाही. आईच्या डोक्यावर छप्पर हवं होतं.

६

आईने त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा ती आधी मामाच्या टेबलापाशी गेली आणि त्यावर डोकं टेकवून पोटभर रडली. मग डोळे पुसून तिने भांडी सुलटी केली. वकीलबाई मुद्दाम भेटायला आल्या, तेव्हा आई त्यांचा हात सोडेना. “तुमच्यामुळे भावाचं घर बघायला मिळालं,” ती म्हणत राहिली. न्यायाधीशबाई, बेलिफ, हेडमास्तरसुद्धा, सगळ्यांना ती रोज आठवणीने दुवा द्यायची. मीही द्यायचे. जिन्यातल्या अंधारात चाचपडत चढणारी माझी आई आता खिडकीतल्या उन्हात पाय पसरून बसलेली बघितली की मला भरून यायचं. मामाचेही उपकार होतेच. मेल्यावरही त्यानेच आसरा दिला.

मुठीचं मी तिला सांगितलं नव्हतं. तिनेच एकदा भाजी निवडता निवडता मला सांगितलं.

“संध्याकाळी मी आतून कुलूप लावते ना, मग मूठ ओढून बघते. लहानपणची सवय. तर तो तिकडून धरतो गं.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. “तिकडून म्हणजे?”

“बाहेरून. पूर्वी उभा राहायचा तसाच.” ती लाजल्यासारखी हसली. “धरतो, मग सोडतो. मला छान झोप लागते बघ.”

म्हणजे आता तो बाहेर होता. आत बहीण, बाहेर भाऊ. मला वाटलं, त्याला हेच हवं होतं. रिकाम्या घराची आतून राखण करत बसायची त्याची पाळी संपली, गाडी रुळावर आली. दवाखान्यात दाढ काढायला येणारे लोक खुर्चीत बसताना ‘मला काही भीती नाही’ असं ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात मी म्हटलं, “छान झालं की.”

“हल्ली जरा उशीर लावतो सोडायला,” आई म्हणाली. “वय झालं.”

७

रविवारी आई माझ्याकडे जेवायला यायची. एका रविवारी आली नाही. फोनवर म्हणाली, “निघालेच होते, पण दाराशी जरा खोळंबा झाला. मग म्हटलं, जाऊ दे.” पुढच्या रविवारीही तेच. आवाज मजेत होता. स्वतःच्या घरात रमली, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग चांगलंच आहे ना?” चांगलंच होतं.

गुडघ्याचं औषध संपलं असेल म्हणून सोमवारी दवाखान्यात जायच्या आधी मी तिच्याकडे गेले. शेजारच्या बाई नेहमीसारख्या कपडे वाळत घालत होत्या. “तुमच्या आई दिसल्या नाहीत हो बऱ्याच दिवसांत,” त्या म्हणाल्या. मी किल्ली फिरवली. कुलूप उघडल्याचा आवाज स्पष्ट आला. मी मुठीवर हात ठेवला.

“आई, मी आलेय.”

“आले, आले,” आतून तिची पावलं आली. “तू आलीस ते बरं झालं. कालपासून दूध नाही घरात.”

तिने आतून मूठ दाबली. माझ्या हाताला तो दाब कळला. पण मूठ खाली आली नाही.

“अगं, सोड की,” आई हसत म्हणाली. “धरून काय ठेवलीस?”

“मी नाही धरली.”

हे बोलताना मी माझ्या हाताकडे बघितलं. बोटं मुठीभोवती आवळली होती, पेरं पांढरी पडली होती. मी ती आवळली नव्हती. मला ती उघडता येईनात. हातावर काही दिसत नव्हतं, पण पेरांवर कुणाच्या तरी अंगठ्याचा घट्टा रुतत होता. दाब. आता ओढ. कळलं काही?

मला आधी बरं वाटलं. खरं सांगते, इतक्या वर्षांनी तो हात हातावर आला म्हणून आधी मला बरंच वाटलं. मग हेडमास्तरांच्या घरातली ती रचून ठेवलेली दारं डोळ्यांपुढे आली.

“आई,” मी ओरडले, “जोरात ओढ! दोन्ही हातांनी ओढ!”

तिने ओढलं. माझा हात माझ्या मनाविरुद्ध मुठीसकट मागे ओढला गेला आणि दार चौकटीत ढक् झालं.

मग आईने हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. ती दारापासून लांब गेली, पाऊल पाऊल टाकत, आणि मी लहान असताना म्हणायची त्याच आवाजात म्हणाली,

“आता निवांत.”